मुनीरभाईंचा झरोका

मुनीरभाई आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सरळ आत येऊन फरशीवर आडवे झाले. दार मीच उघडलं होतं. ‘या’ म्हणायला मी तोंड उघडतोय तोवर त्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर, टोपी खिशात आणि ते स्वतः दिवाणखान्याच्या मधोमध उताणे. तोंडावर रुमाल. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी ‘कांदा आण, कांदा’ म्हणून ओरडलो. तेवढ्यात रुमालाखालून आवाज आला, “भाभी, पाणी नक्को. कांदा पण नक्को. जरा चूप बसा, मी घर ऐकतोय.”

आम्ही तांब्या आणि कांदा हातात धरून चूप उभे राहिलो. घरानं त्यांना बराच वेळ काहीतरी सांगितलं असावं. मग ते उठून बसले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “घर झकास आहे, मास्तर. इथं राहायला कधी येणार?”

आम्हाला तिथं राहायला येऊन वर्ष झालं होतं.

मुनीरभाई घरं आतून सजवायचं काम करीत. पैठण गेटजवळ त्यांचं दुकान होतं. हैदराबादहून आणलेल्या डिप्लोम्याची चौकट तिथं अशा जागी टांगलेली होती की समोर बसून चहा पिणाऱ्याला दुसरीकडे बघताच येऊ नये. विनय हा प्रकार त्यांच्या वाटणीला आलेला नव्हता. “या मुलुखात जागा कळणारे दोनच,” ते सांगत. “एक ज्यानं दौलताबादचा किल्ला बांधला तो, दुसरा तुमच्यासमोर बसलाय.” किल्ल्यातल्या अंधाऱ्या बोगद्यावर त्यांचा फार जीव. “नको असलेल्या पाहुण्याचं काय करायचं ते त्या माणसाला बरोबर कळलं होतं. अंधारात सोडून द्यायचा.” मकबऱ्याबद्दल मात्र त्यांचं मत बरं नव्हतं. “देखायला ठीक. पण बसायला कुठंय? भांडण झालं तर बाई जाणार कुठं?” तिथल्या बाईंना आता कुठं जायचं नसतं, असं मी भीत भीत सांगितलं. “तेच म्हणतोय ना मी,” मुनीरभाई म्हणाले.

आमच्या घराची सजावट आम्ही नवराबायकोनं स्वतः केली होती, एका इंग्रजी मासिकातली चित्रं समोर ठेवून. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचो, सुनंदा शाळेत. गारखेड्यात घर बांधलं आणि आम्हाला चेव चढला. पांढरा सोफा, काचेचा टीपॉय, शोकेसमध्ये कधीही न वापरायचे कप, आणि फोडणीचा वास बाहेर येऊ नये म्हणून स्वयंपाकघराला सरकतं काचेचं दार. येणारा ‘वा!’ म्हणायचा आणि उभाच राहायचा. आम्हाला त्याचाही अभिमान होता.

माझे आईवडील, माय आणि दादा, पाचोडला असायचे. मायची शुगर वाढून तिच्या डोळ्यांवर आली होती. शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं, बाईंना इथंच ठेवा, वरचेवर तपासावं लागेल, नाहीतर नजर जाईल. माय राहायला तयार होती, पण दादांशिवाय नाही. म्हणून दादाही आले. पांढऱ्या सोफ्याच्या अगदी कडेला, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तसे बसले. शेजारी माय. दोघं समोरच्या कपांकडे बघत राहिले. पाचोडला ज्यांचं घरातलं बोलणं पारावर बसलेल्यांना ऐकू जायचं, त्या माझ्या आईबापांना इथं एकमेकांशी बोलायला एक शब्द सुचेना. आठवडा पुरा व्हायच्या आत दादांनी पिशवी उचलली.

“घर लई भारी हाय बाबा तुझं. पर हितं करमत नाय.”

मायनं पदर खोचला आणि तीही मागोमाग निघाली. मी डोळ्यांचं काढलं तर म्हणाली, “डोळे गेले तर जाऊ दे. ह्यांचं तोंड रोज बघायलाच पायजे असं काय नाय.” तरी गेली त्यांच्याबरोबरच. मी फार घाबरलो होतो. मायची नजर ही काही चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हती. दादा या घरात टिकले तरच माय टिकणार होती, म्हणून सुनंदानं कुठूनसं नाव काढलं आणि मी मुनीरभाईंना बोलावलं.

सगळी हकिकत ऐकून मुनीरभाईंनी एकच प्रश्न विचारला. “यांचं भांडण कुठं होतं?”

“भांडण नाही हो,” मी म्हटलं, “त्यांचं मन रमत नाही.”

“मन कुठं रमतं माणसाचं? जिथं मोकळं भांडता येतं तिथं. मास्तर, फॅशन दिवाळीला येती, होळीला जाती. हा सोफा आज पांढरा आहे, उद्या पिवळा होतो. भांडण राहतं. भांडण बघून घर लावा, नातवंडांना पण जुनं वाटायचं नाही.” मग ते सुनंदाकडे वळले. “भाभी, तुमचं कुठं होतं?”

“आमच्यात भांडणं होत नाहीत,” सुनंदा म्हणाली.

“अजिबात नाहीत,” मी म्हणालो.

मुनीरभाईंनी फार कीव येऊन आमच्याकडे बघितलं. “जागाच ठेवली नाय तर होतील कुठून!”

त्यांच्या या विद्येच्या गोष्टी शहरात पसरलेल्या होत्या. एका वकिलांच्या घरी त्यांनी जिन्याखाली रुसायची जागा काढून दिली होती. लहानसा बाक, पाठीला लोड, पुढं लाकडी जाळी आणि हाताशी पाण्याचा माठ, कारण “रुसलेल्या माणसाला तहान लागती, आन् मागायला लाज वाटती.” जागा इतकी गारेगार झाली की वकीलसाहेब, त्यांच्या बाई आणि वकीलसाहेबांच्या सासूबाई असे तिघंही सकाळी उठल्या उठल्या रुसायला कारण शोधू लागले. मग आधी कोण रुसलं यावरून भांडणं. अखेर मुनीरभाईंना गच्चीवर दुसरी जागा काढून द्यावी लागली. तुमचा अंदाज चुकलाच म्हणायचा, असं मी एकदा बोललो. ते चिडले. “हाटेलात गर्दी झाली तर आचारी चुकला म्हणता का?”

तर आमच्या घरासाठी त्यांना दादा-मायचं भांडण ऐकायचं होतं, आणि तेही मुळातून, पाचोडला जाऊन. अडचण एकच. आमच्या घरात पाहुण्यासमोर भांडत नाहीत. पाहुणा आला की माय धपाटे थापायला बसते आणि दादा गोड होतात. “मग पाहुणा म्हणून नाही जायचं, गिऱ्हाईक म्हणून जाऊ,” मुनीरभाई म्हणाले. “दादा विकतात काय?” दादांकडे शेळ्या होत्या. तेव्हा मुनीरभाईंना शेळी घ्यायची आहे असं ठरलं.

दादांनी शेळीचं भलतंच मनावर घेतलं. दात दाखवले, खूर दाखवले, एकेकीच्या आजीपासूनचा इतिहास सांगितला. मुनीरभाई मान डोलवत होते आणि कान घराकडे लावून बसले होते. ओसरीवर तख्तपोस होता, पलंगासारखा लाकडी, ठेंगणा आणि रुंद. दादा त्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. पाठीमागं स्वयंपाकघराचं दार, आत चुलीपाशी माय. तिथून तिला दादांचं फक्त मुंडासं दिसायचं आणि दादांना ती मुळीच दिसायची नाही.

“काळी द्यायची नाय, सांगून ठेवते,” आतून माय म्हणाली.

“का? तुझ्या बापानं दिल्ती व्हय?” दादा रस्त्याला म्हणाले.

“माझ्या बापानं काय काय दिलं ते काढू नका आता.”

“काढतो की! हंडा दिल्ता. आन् तुझ्या त्या गोविंदानं लग्नाला म्हणून परत नेला, तो अजून वाटंतच हाय!”

“हंडा माझ्या बापाचा, नेला माझ्या भावानं. तुमच्या पोटात का दुखतंय?”

हा पितळी हंडा मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. गोविंदमामांनी तो नेला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पावसाची, पिकाची, नातलगांची कुठलीही गोष्ट निघो, शेवटी ती हंड्यात येऊन पडायची. मुनीरभाई डोळे मिटून, एखाद्या गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखे डोलत होते. मग त्यांनी शेळीला बांधायला म्हणून दोरी मागून घेतली, ती तख्तपोसापासून चुलीपर्यंत ताणली आणि गाठ मारली. नंतर दादांच्या कानापासून जमिनीपर्यंत धरली आणि दुसरी गाठ मारली.

“हे काय चाललंय?” दादांनी विचारलं.

“आमच्यात शेळी घेताना मालकाचं माप घेतात,” मुनीरभाई गंभीरपणे म्हणाले.

दादांना ते लगेच पटलं. “बराबर हाय. माणूस बघूनच जनावर घ्यावं.”

एक तांबूस शेळी घेऊन आम्ही टेम्पोच्या मागं बसून शहरात परतलो. वाटेत मुनीरभाई झरोक्याची, कानाची, आवाजाची चर्चा करण्यात इतके रंगले की शेळी काय करतेय ते दोघांनीही पाहिलं नाही. पैठण गेटला उतरलो तेव्हा तिच्या गळ्यात टीचभर दोरी उरली होती. बाकीची, गाठींसकट, तिनं खाल्ली होती.

“माप गेलं,” मी म्हणालो.

“गेलं नाय, आत आहे,” मुनीरभाई शेळीच्या पोटाकडे बघत म्हणाले. “पण काढायचं कसं?”

पुन्हा पाचोड. दादांनी लांबूनच हाक मारली, “मुनीरमियाँ! जनावर पसंत पडलं म्हणायचं!” आता काय करता? दुसरी शेळी घ्यावी लागली. या खेपेला मात्र मुनीरभाईंनी मापाची दोरी आपल्या डोक्याला गुंडाळून आणली. त्या दोन शेळ्या पुढं कायमच्या दुकानामागच्या अंगणात राहिल्या आणि पडद्यांच्या कापडाचे नमुने खाऊ लागल्या. गिऱ्हाइकांना उरलेल्यातून निवड करावी लागे. त्या काळात आमच्या शहरातल्या कितीतरी घरांत जे पडदे लागले, ते शेळ्यांना न आवडलेले आहेत.

घरी काम सुरू झालं. पांढरा सोफा गेला, तिथं रस्त्याकडे तोंड करून ठेंगणा तख्तपोस आला. काचेचं दार निघालं. आणि दिवाणखाना व स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फोडून मुनीरभाईंनी एक चौकोनी झरोका काढला, दोरीतल्या गाठीबरहुकूम. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीचा भुगा बघून सुनंदा बिथरली. “तू त्यांना बोलावलंस!” ती मला म्हणाली. “मी? नाव कुणी सुचवलं?” मी म्हणालो. “नाव सुचवलं, भोक पाडा म्हटलं नव्हतं!” मुनीरभाई हातातलं काम टाकून आनंदानं बघत राहिले. “बोला भाभी, थांबू नका. कुठं उभ्या आहात ते बघून ठेवतो. लई दिवसांनी इथं कुणीतरी राहायला आलंय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. “दादा-अम्मांनी उभ्या जन्मात एकमेकांकडे बघून भांडण केलं नाही. तुम्ही दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं. लग्नाच्या स्टेजवर बसून भांडतं का कुणी? आवाज मागून आला पाहिजे, कानाच्या थोडा वर. आन् बोलणाऱ्याचा हात कामात पाहिजे. मग माणूस खुलतो.”

दादा परत आले ते माझ्या फार विनवण्यांनंतर, आणि ‘चार दिस’ म्हणून. तख्तपोसावर बसून पाहिलं. मागच्या झरोक्याकडे संशयानं पाहिलं. “हे भगदाड कशाला?” म्हणाले. माय आत ओट्याशी गेली. मी आणि सुनंदा बाहेर पायरीवर जाऊन बसलो. बराच वेळ नुसता कांदा चिरल्याचा आवाज येत होता. मग फोडणी चरचरली आणि तिच्यामागून मायचा आवाज आला.

“दोन दोन शेळ्या देऊन टाकल्या, मला इचारलं का?”

“तुझ्या भावानं हंडा नेताना मला इचारलं व्हतं का?”

मला एकदम रडू आलं. सुनंदानं माझ्याकडे बघितलं, तर तिचेही डोळे भरलेले. आईबाप भांडताहेत म्हणून पायरीवर बसून आनंदानं रडणारी जोडी गारखेड्यात त्या दिवशी आमचीच असणार. दादांचे ते चार दिवस संपले नाहीत. मायचे उपचार नीट झाले, नजर वाचली, आणि पुढं कितीतरी वर्षं त्या झरोक्यातून चहाची कपबशी, गरम भाकरी आणि हंडा यांची ये-जा चालू राहिली. मुनीरभाई जुम्म्याची नमाज झाली की डोकावायचे, फरशीवर आडवे व्हायचे, थोडं ऐकायचे आणि “घराची तब्येत ठीक आहे” म्हणून निघून जायचे.

मग माय गेली. आजारी फार नव्हती, एका आठवड्यात आटोपलं. सगळं पार पडल्यावर पाहुणे पांगले आणि दादा तख्तपोसावर बसले ते बोलेनातच. मागं झरोका तसाच उघडा. एके दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि पायाशी ठेवली. पाचोडच्या घराला कुलूप होतं, तिथं त्यांना भाकरी घालणारं कुणी नव्हतं. एकटे जाऊन ते किती दिवस काढतील, या विचारानं माझं काळीज थाऱ्यावर नव्हतं. मी समजावलं, सुनंदा रडली. दादांनी पिशवी आणखी जवळ ओढली.

मी मुनीरभाईंना बोलावून आणलं. वाटलं होतं, दोन समजुतीच्या गोष्टी सांगतील. ते आले ते दादांकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेले. झरोक्यामागच्या मायच्या स्टुलावर बसले, सुनंदाच्या हातातली मेथीची जुडी घेतली आणि निवडायला लागले. मग झरोक्यातून म्हणाले,

“हंडा आमचाच होता.”

दादांची मान ताठ झाली. पण वळून बघायची सवय नव्हती. “कोन बोललं?”

“अम्माच्या माहेरचा माणूस. गोविंदभाऊनं हंडा नेला ते बेस केलं. तुमच्या घरी त्याची कदर नव्हती.”

“कदर? मी सोता चिंच लावून घासायचो त्याला!”

“म्हणूनच झिजला. आणखी चार वर्षं राहिला असता तर वाटी झाली असती त्याची.”

“आरं, तू बघितला तरी हाय का तो हंडा?” दादा कडाडले. आवाज पारावर जाणारा होता. दुपारपर्यंत हे चाललं. मेथीची काडी न् काडी निवडून झाली. शेवटी दादा रस्त्याकडे बघत म्हणाले, “भाई, आता जेवूनच जा.” पिशवी त्या संध्याकाळी मी रिकामी केली.

तेव्हापासून मुनीरभाई जुम्म्यापुरते राहिले नाहीत. दुकान उघडायच्या आधी येत, मायच्या स्टुलावर बसून भाजी निवडत आणि हंड्याचा एखादा नवा मुद्दा काढून जात. मुद्दे संपले तेव्हा त्यांनी एक परातही निर्माण केली, जी कुणीच कधी दिली-घेतली नव्हती. दादा तिच्यावरूनही मनापासून भांडले. जाताना ते सुनंदाला सांगायचे, “भाभी, शिकून घ्या. मी काय कायमचा नाय.” सुनंदा कानांना हात लावायची. “सासऱ्यांना उलट बोलू? आमच्यात चालत नाही ते.” खरंच चालत नव्हतं. लग्न झाल्यापासून ती दादांशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवायला वाढलंय’ यापलीकडे बोलली नव्हती.

एका हिवाळ्यात मुनीरभाई दुकानात बसल्या बसल्या गेले. चहा समोर होता, म्हणजे नजर डिप्लोम्यावरच असणार. कब्रस्तानात दादा माझ्या खांद्याचा आधार घेऊन आले, मूठभर माती दिली, आणि घरी येऊन पुन्हा गप्प झाले. पुढचे काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मी दारात येऊन उभा राहिलो. सगळं बोलून झालेलं होतं.

“हंडा गेला ते बरंच झालं.”

झरोक्यातून सुनंदाचा आवाज. मी डोकावून पाहिलं. ती मायच्या स्टुलावर बसली होती. शाळेत मुख्याध्यापकांनाही न घाबरणारी माझी बायको डोक्यावरून पदर घेऊन, डोळे घट्ट मिटून, हातातल्या गवारीचे तुकडे तुकडे करत होती.

दादांचा हात चेनवर थांबला. “कोन? सूनबाई?”

“व्हय. मीच.” ती अशी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी तिला तेच सुचलं.

“तुला काय कळतंय गं हंड्यातलं?”

“सगळं कळतंय. आत्याबाई मला सांगून गेल्यात, तो खरा का नेला ते.”

“काय सांगून गेली?”

“ते मी सांगायची नाय.”

दादांनी पिशवी पायानं बाजूला सरकवली. तख्तपोसावर नीट मागं सरकून बसले, झरोक्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत गरजले, “आता तर तुला सांगावंच लागंल!”

मी पिशवी उचलून माळ्यावर टाकली. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून दिवाणखान्याच्या मधोमध फरशीवर आडवा झालो, तोंडावर रुमाल घेतला आणि ऐकत पडून राहिलो.